लाइव्ह व्हिज्युअल्स: मिक्सर घ्यावा की लॅपटॉपवरच भागवावं?

निशाचर

मंडळी,

गाण्याचे कार्यक्रम, छोटे इलेक्ट्रॉनिक गिग, अधूनमधून एखादं प्रायोगिक नाटक, यांच्यामागच्या पडद्यावर मी लाइव्ह व्हिज्युअल्स करतो. धंदा नाही, नोकरी सांभाळून चाललेला उद्योग आहे. सध्याचा सरंजाम म्हणजे एक गेमिंग लॅपटॉप, त्यावर रेझोल्यूम हे व्हिज्युअल्स मिसळायचं सॉफ्टवेअर आणि ते हाताने चालवायला नॉब-फेडरवाला एक मिडी कंट्रोलर. दोन-तीन लेयर, वर थोडे इफेक्ट. आजवर छान चाललंय.

आता डिसेंबरात पुण्याजवळ एका मैदानावर कार्यक्रम आहे. फ्यूजन बँड, तबला-सरोद-ड्रम्स, मागे एलईडी वॉल. आयोजकांना दोन कॅमेऱ्यांचं चित्रही माझ्या व्हिज्युअल्समध्ये मिसळून हवंय. एका मित्राने त्याचा जुना चार चॅनलचा व्हिडिओ मिक्सर देऊ केलाय, टी-बारवाला, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात न्यायचा दांडा असलेला. शिवाय छोटे नवे एचडीएमआय स्विचर बाजारात आहेतच. बजेट पन्नास हजारांच्या आतबाहेर.

माझं मन लॅपटॉपकडे झुकतं. मिक्सर जे करतो ते सगळं सॉफ्टवेअर करतं, वर शंभर गोष्टी जास्त. पण जुनी मंडळी भेटली की "हातात टी-बार नाही तर परफॉर्मन्स कसला, तो नुसता प्लेबॅक" असं ऐकवतात. यात तथ्य किती आणि जुन्या आठवणींचे कढ किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कीर्तनी

शीर्षक वाचून पाककृती विभागात आलो की काय असं वाटलं. साडेसातशे वॉटचा घ्या, चटणीचं भांडं वेगळं मिळतं.

ह. घ्या. (हलके घ्या.)

बिनधास्त_बाळू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वीस प्रतिसादांच्या आत मॅक-विंडोज भांडण लागणार, लिहून ठेवा.

सौदामिनी

निशाचर, लॅपटॉप. मुंबईत हेच काम पोटापाण्यासाठी करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिक्सर स्वतः काहीच वाजवत नाही हे लोक विसरतात. त्याला चार तोंडं असतात आणि चारही भरावी लागतात. पूर्वी व्हीजे, म्हणजे लाइव्ह व्हिज्युअल्स करणारे लोक, त्यासाठी डीव्हीडी प्लेअर वागवत, आता दोन लॅपटॉप वागवतात. म्हणजे मिक्सर घेतला म्हणून लॅपटॉप सुटत नाही, झाले तर एकाचे दोन होतात. शिवाय मिक्सरवर एका वेळी ए आणि बी अशी दोन चित्रं, वर एखादी की, म्हणजे एका चित्राचा काही भाग पारदर्शक करून ते दुसऱ्यावर ठेवणं. रेझोल्यूम, व्हीडीएमएक्स अशा सॉफ्टवेअरांत ग्राफिक्स कार्डाला झेपतील तितके लेयर. आणि आजकाल वॉल चौकोनीच मिळेल याची खात्री कुठाय? मधे गोल, बाजूला पाच उभ्या पट्ट्या, डीजेच्या टेबलाला वेगळा तुकडा. ते मॅपिंग साध्या मिक्सरच्या बसची बात नाही.

फक्त क्लिपा नीट बनव. लॅपटॉप अडखळतात ते बहुतेक वेळा एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ पद्धतीची फाइल जशीच्या तशी लावल्यामुळे. त्यात बऱ्याच फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतंच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं. साधी सरळ चालवली तर ठीक, पण उलटी फिरवायची किंवा तालावर मधेच उडी मारायची म्हटलं की मागचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. हॅप आणि रेझोल्यूमचं डीएक्सव्ही या व्हिडिओ पद्धतींत प्रत्येक फ्रेम सुटी असते आणि ती उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. किंमत मोजायची ती डिस्कवर. फुल एचडीची साधी हॅप क्लिप सेकंदाला २५ फ्रेमने २६ एमबीपर्यंत खाते, म्हणजे दहा मिनिटांचे पंधरा जीबी. जास्त दर्जाचं हॅप क्यू त्याच्या दुप्पट. एसएसडी हवीच.

टी-बारच्या रोमान्सबद्दल नंतर लिहिते. त्यावर माझं डोकं फिरतं.

खडूस_काका

डोकं फिरायचं काय कारण? नॉब फिरवणारा माणूस दिसतो. ट्रॅकपॅडवर बोट घासणारा माणूस बँकेचं स्टेटमेंट बघतोय की कला सादर करतोय ते कळत नाही.

सौदामिनी

@खडूस_काका, मैदानावर व्हीजे कुठे बसतो ठाऊक आहे ना? साउंडवाल्याच्या मागे, ताडपत्रीखाली, डासांत. तुम्ही टी-बार ओढा नाहीतर सतार वाजवा, बघायला कुणी येत नाही. आणि निशाचरकडे नॉब-फेडरचा कंट्रोलर आहे हे त्याने पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. तो काय ट्रॅकपॅड घासतोय?

ओबीव्हॅन

सौदामिनीताईंशी निम्मा सहमत. माझी उमेदीची वर्षं टीव्हीत व्हिजन मिक्सरवर गेली, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. लांबेल, सोसून घ्या.

दोन चित्रं मिसळायची तर दोघांची ओळ न् ओळ एकाच क्षणी सुरू व्हावी लागते. आपल्या पाल या टीव्ही पद्धतीत ६२५ ओळी, एकेक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. दोन कॅमेरे आपापल्या घड्याळावर चालले तर फेड करताना चित्र फाटायचं, घरंगळायचं. म्हणून स्टुडिओत एक मुख्य सिंक जनरेटर असे आणि त्याचा ब्लॅक बर्स्ट नावाचा वेळ जुळवणारा सिग्नल प्रत्येक कॅमेऱ्याला पोचवलेला असे. घरगुती व्हीसीआर त्या शिस्तीत कधीच बसत नसे, त्याला टाइम बेस करेक्टरचा वेगळा डबा लागे. नंतर पॅनासॉनिकच्या डब्ल्यूजे-एमएक्स५०सारखे मिक्सर आले. येणारी फ्रेम साठवून रांगेत लावण्याची सोय त्यांच्या पोटातच होती, मग कोणतीही दोन चित्रं आणून जोडा. लग्नाच्या कॅसेटीत बदामातून उमलणारे नवरा-नवरी ज्यांनी पाहिलेत त्यांनी या जातीच्या मिक्सरची करामत पाहिली आहे. अमेरिकेत १९९० साली अमिगा संगणकात बसणारा व्हिडिओ टोस्टर नावाचा मिक्सर आला तेव्हा फार बोलबाला झाला, पण तो एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीपुरता. आपल्याला त्याचा उपयोग नव्हता.

आजचा छोटा एचडीएमआय स्विचरही प्रत्येक इनपुटवर हेच करतो. २०१९ साली ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी २९५ डॉलरला जाहीर झाला तेव्हा आम्ही म्हातारे एकमेकांना फोन करत होतो. ज्या सोयीला आमच्याकडे अख्खं रॅक लागे ती वहीएवढ्या डब्यात आली होती.

आता मुद्दा. मिक्सरच्या पोटातही आज सॉफ्टवेअरच आहे, तेव्हा "हार्डवेअर विरुद्ध सॉफ्टवेअर" ही कुस्ती अर्धी खोटी. पण त्या डब्याला दुसरा उद्योग नसतो. तो अपडेट मागत नाही, वायफाय शोधत नाही, झाकण पडलं म्हणून झोपत नाही. इनपुट एक मेला तरी दोनचं बटण दाबलं की दोन दिसतो. लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम मेला की एक, दोन, तीन सगळे एकदमच जातात. एवढ्यासाठी म्हणतो, पडद्याच्या आधीचा शेवटचा डबा हार्डवेअर असू दे. त्याच्या मागे काय वाटेल ते करा.

रंगपीठ

ओबीव्हॅन काकांना दुजोरा. भक्तिसंगीताच्या एका कार्यक्रमात मी पडद्यामागे होतो, व्हिज्युअल्स दुसऱ्या एका गृहस्थांची. अभंग रंगात आलाय, बुवा डोळे मिटून तान घेतायत आणि मागे वीस फुटी पडद्यावर अँटिव्हायरसची खिडकी उघडली: "तुमचे संरक्षण संपले आहे."

टाळ्या मिळाल्या म्हणे. लोकांना तो कल्पनाविलास वाटला.

कीर्तनी

वारलो =))

एलईडीवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आमचा धंदाच वॉल लावायचा आहे, म्हणून चार गोष्टी ग्राउंडवरच्या.

१) रिझोल्यूशनचं खूळ डोक्यातून काढा. बाहेर बहुतेक ठिकाणी पी ३.९१ची, म्हणजे दोन पिक्सेलांत ३.९१ मिलिमीटर अंतराची, पॅनल लागत्यात. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचं एक पॅनल, त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल. वीस बाय दहा फुटाची वॉल म्हणजे आडवी बारा आणि उभी सहा. झाले १५३६ बाय ७६८. फुल एचडीपण नाही! आणि पोरं चार केच्या क्लिपा घेऊन येत्यात आणि लॅपटॉप तापला म्हणत्यात. आधी फोन करून पिक्सेल मॅप, म्हणजे वॉलच्या पिक्सेलांचा आराखडा, मागा, त्याच मापाचं कंपोझिशन करा.

२) प्रोसेसरला, म्हणजे वॉलला चित्र पुरवणाऱ्या डब्याला, तुमचा लॅपटॉप थेट जोडला आणि मधेच कुणाचा पाय केबलला लागला, तर लॅपटॉपला वाटतं दुसरा डिस्प्ले गेला. आउटपुट उडी मारून तुमच्याच स्क्रीनवर येतं, केबल परत लावली की वॉलवर डेस्कटॉप. मधे स्विचर असला की लॅपटॉपला समोर कायम काहीतरी दिसत राहतं, भानगड कमी होते.

३) एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढं साध्या केबलवर नेऊ नका. कॅमेरे लांब असणार, तिथं टीव्हीवाल्यांची एसडीआय केबल. चांगली केबल असली तर एचडी सिग्नल शंभर मीटरच्या आसपास जातो, आणि तिचा बीएनसी कनेक्टर फिरवून बसत्यो, ओढला तरी निघत नाही. एचडीएमआयची पिन बघितली तरी निघती.

४) आता ओबीव्हॅन काकांच्या विरोधात एक. जनरेटरवरून मेनवर घेताना लाइट पापणी मिटल्यागत जाती. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात तेवढ्यानं मिक्सर रीस्टार्ट झाला, सगळं सेटिंग मूळपदावर. लॅपटॉप मात्र बॅटरीवर निवांत चालू. सगळ्यात भरवशाचा म्हणून आणलेला डबाच पहिल्यांदा झोपला. साधा सहाशे व्हीएचा यूपीएस मिक्सर, कन्व्हर्टर आणि प्रोसेसरच्या खाली पाहिजेच पाहिजे. वॉलला नाही, वॉलला तो पुरत नाही.

निशाचर

@एलईडीवाला_सांगली, दादा, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवतो. मी आजवर सगळं १९२० बाय १०८०तच करत आलो.

बिनधास्त_बाळू

मॅक-विंडोज अजून नाही? निराशा झाली.

तिरकीट

मी तबला वाजवतो आणि पडद्यावरच्या तबलजींवर माझा जुना राग आहे, म्हणून लिहितो.

कॅमेऱ्याचं चित्र वाजवणाऱ्याच्या शेजारीच मोठं करून दाखवायचं असेल तर उशीर हा कळीचा मुद्दा. कॅमेरा, कॅप्चर कार्ड, लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स कार्ड, एलईडी प्रोसेसर, प्रत्येक जण एखाद-दोन फ्रेम खातो. फोनवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्याच्यावर रोखा आणि फोन व पडदा एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा उशीर. आमच्या ग्रुपच्या सेटअपमध्ये सेकंदाला ५० फ्रेमवर थेट स्विचरमधून साधारण चार फ्रेम भरले, यूएसबी कॅप्चर करून लॅपटॉपमधून फिरवलं की आठ-नऊ. ५० फ्रेमवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे ८० विरुद्ध १६०-१८०.

आता हिशोब बघा. मिनिटाला साडेतीनशे मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा १७१ मिलिसेकंदांची. म्हणजे कानावर सम, आवर्तनाची पहिली मात्रा, पडते तेव्हा पडद्यावरचा हात अजून सोळाव्या मात्रेवर! ज्याला ताल कळतो त्याला तो पडदा बघवत नाही. गायकाचे ओठही तसेच. तेव्हा क्लिपा खुशाल लॅपटॉपवरून चालवा, कॅमेरा मात्र हार्डवेअरमधूनच गेला पाहिजे.

कोरी_पाटी

@तिरकीट, एक खोडसाळ शंका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५८ मीटरवर बसलेल्याला तबला १७० मिलिसेकंद उशिराच ऐकू येणार आणि पडदा लगेच दिसणार. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला लॅपटॉपवालं चित्रच अचूक तालात दिसेल ना?

तिरकीट

हो, आणि पहिल्या रांगेत देणगीदार बसतात :)

पण गणित बरोबर आहे. मैदान मोठं असेल तर मागच्यांना खरंच फरक पडत नाही. फक्त मधे डिले लावलेले स्पीकरचे टॉवर असतील तर हिशोब तिथून नव्हे, स्टेजपासूनच धरायचा, कारण टॉवरला मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो.

शिकागोकर

उशिरा आलो. सगळे जण हार्डवेअर म्हणजे मिक्सर असंच धरून चाललेत म्हणून थोडं अवांतर. दुसरं एक हार्डवेअर आहे, चित्र मिसळणारं नाही, चित्र घडवणारं. आमच्या गावात इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेत डॅन सँडिन यांनी १९७१ ते ७३ च्या दरम्यान इमेज प्रोसेसर बांधला. संगीतातल्या मॉड्युलर सिंथेसायझरसारखा, केबलांनी हवं ते हव्या त्याला जोडायचं आणि कॅमेऱ्याचं चित्र तिथल्या तिथे रंगवायचं, वितळवायचं. त्यांनी त्याचं पेटंट घेऊन दार लावून घेतलं नाही. ज्याला बांधायचाय त्याला आराखडे खुले, आणि लोकांनी खरंच आपापले बांधले. त्याच सुमारास, १९७१ मध्येच, न्यूयॉर्कला स्टाइना आणि वूडी वासुल्का यांनी द किचन सुरू केलं, तिथे असे प्रयोग प्रेक्षकांसमोर होत. आज एलझेडएक्स नावाची कंपनी त्याच धर्तीची मॉड्युल बनवते. पन्नास हजारांत त्यातलं फारसं काही येणार नाही, हे आधीच सांगतो.

अशा यंत्रातून येणारं चित्र पुन्हा तसंच काढता येत नाही. खिटी अर्धा मिलिमीटर फिरली की वेगळं. सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट असतो, काल जे दिसलं तेच आज दिसतं. काहींना तीच सोय वाटते, मला ते लोणच्यासारखं वाटतं.

सौदामिनी

@शिकागोकर, लोणचं फार बोललात हं. टचडिझाइनर या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज, फीडबॅक आणि माइकचा आवाज एकात एक गुंफून बघा, दोनदा तेच चित्र आणून दाखवा. प्रीसेट वापरायची सक्ती नसते. फीडबॅक हाच तर हार्डवेअरवाल्यांचा सगळ्यात लाडका खेळ, मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटला लावायचं. रोलंड-एडिरॉलच्या व्ही-४ मिक्सरवर एका पिढीने तेच केलं आणि फार सुंदर केलं, कबूल. कंपोझिट या जुन्या अ‍ॅनालॉग सिग्नलची जी घाण त्यात मिसळते ती संगणकात आणायला घाम फुटतो. पण ती चव हवी म्हणून शोचा सगळा भार वीस वर्षं जुन्या डब्यावर टाकायचा?

खडूस_काका

"घाण" म्हणालात आणि "सुंदर" पण म्हणालात. एवढंच कबूल करून घ्यायचं होतं.

सौदामिनी

काका _/\_

कल्याणची_चुलबुली

अवांतर चाललंच आहे तर आमच्या गावाचा झेंडा लावून जाते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली "शांबरिक खरोलिका" नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि रामायण-महाभारतातल्या गोष्टींचं निवेदन व संगीत समोरच्या समोर. एकापेक्षा जास्त कंदील वापरून एका चित्रातून दुसरं उमटवत, पात्रं हलल्याचा भास आणत. सिनेमा यायच्या आधीची गोष्ट आहे ही. आता याला लाइव्ह व्हिडिओ मिक्सिंग म्हणायचं नाही तर कशाला?

कुडाळचो_नातू

@चुलबुली, मग आमच्या पिंगुळीक पण मान द्या. चित्रकथीत एकामागून एक चित्र धरायचं आणि गाण्याच्या ओघात बदलायचं. गावातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बॅटरी नाही, केबल नाही, हँग नाही.

बिनधास्त_बाळू

ईडीआयडीचा, म्हणजे लॅपटॉप-पडद्याची ओळख न पटण्याचा, लफडा पण नाही.

कोरी_पाटी

खडूस काकांच्या "माणूस दिसला पाहिजे"वर मागे जातो. माझ्याकडे ना मिक्सर ना चांगला लॅपटॉप. मी हायड्रा वापरतो. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कोडच्या ओळी लिहिल्या की चित्र बदलतं. लाइव्ह कोडिंगवाल्यांत पद्धत अशी की कोडही पडद्यावर चित्राच्या वरच दाखवायचा. म्हणजे माणूस काय करतोय, कुठे अडखळला, काय खोडलं, सगळं उघडं. कॉलेजच्या कार्यक्रमात मी स्वल्पविराम विसरलो आणि चित्र बदलेना, तर पुढच्या रांगेतून दोघं ओरडले, "अरे तिसरी ओळ!" इतका थेट प्रतिसाद टी-बारला कधी मिळाला असेल असं वाटत नाही.

खडूस_काका

हे मात्र आवडलं. बघितलं पाहिजे.

रंगपीठ

नाटकवाल्याचं एक निरीक्षण. नाटकात क्यू ठरलेला असतो, दर प्रयोगाला तोच, तिथे लॅपटॉप उत्तम. फ्यूजन बँडच्या कार्यक्रमात सरोदवाला आलाप पाच मिनिटं करेल की पंधरा, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिथे किती लेयर आहेत यापेक्षा दहा सेकंदांत चित्र कसं रोखून धरता, कसं हळूच काढून घेता, हे महत्त्वाचं. बारीक फेडर असलेला कोणताही डबा चालेल. छोट्या स्विचरवर मात्र कट आणि ऑटो एवढी बटणं असतात, अर्ध्यावर हात थांबवता येत नाही. निशाचर, घेण्याआधी हे तपास.

ओबीव्हॅन

रंगपीठ यांनी मर्मावर बोट ठेवलं. एटेम मिनीला टी-बार नाही, लॅपटॉपवरच्या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये सरकपट्टी आहे तेवढी. रोलंडच्या व्ही-१ एचडीला खरा फेडर आहे. जुन्या मिक्सरचं काय ते विचारायचं राहिलं: निशाचर, त्याला मागे कोणती सॉकेट आहेत?

निशाचर

बघून सांगतो म्हणालो होतो, मित्राकडे जाऊन आलो. सगळी कंपोझिट आणि एस-व्हिडिओ. एचडीएमआय एकही नाही.

ओबीव्हॅन

म्हणजे ७२० बाय ५७६, आणि तेही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं, चारास तीन. त्याला मुख्य मिक्सर करू नका. पण टाकूही नका. त्याचा फीडबॅकचा खेळ एका कन्व्हर्टरमधून नव्या स्विचरच्या चौथ्या इनपुटला आणा. वॉल ७६८ ओळींची असेल तर ५७६ ओळींचं चित्र तुम्हाला वाटतं तितकं गरीब दिसणार नाही.

माझी मांडणी अशी. एकला लॅपटॉप. दोन-तीनला कॅमेरे थेट, तिरकीट यांच्या तबल्यासाठी. चारला म्हातारा मिक्सर. स्विचरचं आउटपुट एलईडी प्रोसेसरला. आणि स्विचरच्या मेमरीत कार्यक्रमाच्या नावाचं एक स्थिरचित्र भरून ठेवा, सगळंच झोपलं तर ते दाखवायला.

सौदामिनी

मांडणी मान्य, एक भर घालते. कॅमेऱ्याच्या केबलवर एक स्प्लिटर लाव. एक वाट स्विचरला, दुसरी कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला. इफेक्ट लावलेल्या, विरघळलेल्या, दहा सावल्यांच्या चित्राला उशीर झाला तर कुणाला कळत नाही, उलट शोभतो. स्वच्छ चेहरा हवा तेव्हा स्विचरची वाट, धूसर हवा तेव्हा लॅपटॉपची. आणि लॅपटॉपच्या आउटपुटवर कॉपी-संरक्षण चालू नाही ना ते घरीच बघ, नाहीतर स्विचर नुसता काळा पडदा दाखवेल आणि तू केबल बदलत बसशील.

मी सुरुवातीला "लॅपटॉप" एवढंच म्हणाले होते ते क्लिपांपुरतं अजूनही म्हणते. कॅमेरे असतील तर डबा हवा. काका, हसू नका.

निशाचर

मग ठरलं. फेडरवाला स्विचर सेकंडहँड शोधतो, जमलं तर यूपीएस, स्प्लिटर आणि एसडीआय कन्व्हर्टर त्याच पैशांत बसवतो. आयोजकांकडून पिक्सेल मॅप मागवलाय. एक शंका उरली: कॅमेऱ्यातला कलाकार माझ्या व्हिज्युअल्सवर तरंगताना दाखवायचा तर स्विचरची ल्यूमा की पुरेल का? मागे काळा पडदा आहे.

एलईडीवाला_सांगली

मागं काळा पडदा कुठला, मागं आमची वॉल हाय! कॅमेऱ्यात वॉलच दिसणार. कॅमेरा बाजूनं लावा, विंगच्या दिशेनं बघणारा, तिकडं काळं कापड टाका.

सौदामिनी

दादा म्हणतात तसं. मग ल्यूमा की पुरेल: ठरावीक उजेडाच्या खालचं सगळं ती पारदर्शक करते. बाजूने एक दिवा मारायला सांग म्हणजे कडा सुटतील. आणि कलाकारांना आधीच विचार कोण काय घालणार आहे. सरोदवाले काळा कुर्ता घालून आले तर नुसतं डोकं आणि दोन हात तरंगतील, पोटातून तुझी आकाशगंगा दिसेल.

निशाचर

काळाच घालतात ते, नेहमी. आत्ता फोन लावतो.